दोन ध्वज आणि एक फासा : 'एपिक' पातळीच्या भूमिकाखेळांची समीक्षा

या पत्रिकेच्या पानांवर बहुधा ग्रंथांची परीक्षणे येतात; खेळाच्या परीक्षणाचा प्रसंग क्वचितच येतो. तथापि ज्या खेळाचा येथे विचार करावयाचा आहे तो केवळ पट-सोंगट्यांचा खेळ नव्हे. त्याचे शेकडो पानांचे ग्रंथ आहेत. त्यांत देवता, दानव, धर्मगुरू, व्रते, पाप आणि परिवर्तन यांविषयी नियम आहेत. आणि तो खेळणारी मंडळी कित्येक महिने, कधी कधी कित्येक वर्षे, एकाच कथेत वावरत असतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध नाव. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावाहून तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला.

खेळाची रीत थोडक्यात अशी. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांपैकी एक सूत्रधार. उरलेले प्रत्येकी एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतात, आणि जेथे यशापयश संदिग्ध असेल तेथे फासा टाकून निर्णय होतो. पराक्रमाप्रमाणे पात्राला गुण मिळतात आणि ते एकेक पातळी वर चढते. या पायऱ्या अगदी वरपर्यंत नेणाऱ्या दीर्घ कथेला 'एपिक' मोहीम म्हणतात. अलीकडे अशा मोहिमेत दोन तुकड्या असण्याची प्रथाही दिसते : एक सज्जनांची, दुसरी दुर्जनांची; आणि दोन्ही तुकड्यांतील पात्रे माणसेच खेळतात.

आपल्या धर्मग्रामांतील महाविद्यालयीन तरुणांपर्यंत हा खेळ पोहोचला आहे. साहजिकच पालक धर्मगुरूंना व धर्मशिक्षकांना विचारतात : आमचा मुलगा दर आठवड्याला तीन-चार तास एका क्रूर सरदाराची भूमिका घेऊन बसतो, यात पाप आहे काय? या प्रश्नाला चटकन 'होय' म्हणणारे जसे आहेत, तसेच 'खेळच तो' म्हणून हसण्यावारी नेणारेही आहेत. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. खेळ कोणत्या नियमांनी चालतो आणि ते नियम मनुष्याविषयी काय गृहीत धरतात, हे पाहिल्याशिवाय उत्तर देणे योग्य होणार नाही.

१. ब्लॅकमूरचा धडा

सज्जन व दुर्जन अशा दोन्ही बाजू खेळाडूंनीच खेळाव्यात ही कल्पना नवी नाही. किंबहुना ती या खेळाच्या जन्माहूनही जुनी आहे. आर्नसन यांनी १९७१ साली मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस-सेंट पॉल येथे आपल्या मित्रमंडळीसमवेत 'ब्लॅकमूर' नावाची मोहीम सुरू केली. त्यात काही मित्र ब्लॅकमूरच्या किल्ल्याचे रक्षक होते, तर काही त्यांचे शत्रू. शत्रुपक्षातील एका खेळाडूचे पात्र रक्तपिपासू पिशाच बनले आणि इतके प्रबळ झाले की कोणी त्याला आवरू शकेना. तेव्हा त्याला तोंड देण्यासाठी एक नवे पात्र योजावे लागले : पवित्र चिन्ह हाती घेऊन पिशाचांना मागे सारणारा धर्मगुरू. ही भूमिका प्रथम माइक कार या खेळरचनाकाराने केली. १९७४ च्या पुस्तिकांत योद्धा व मांत्रिक यांच्या जोडीला 'क्लेरिक' हा तिसरा वर्ग आला, त्याचे मूळ येथे आहे. वाचक धर्मगुरूंना याची मौज वाटेल की त्या पुस्तिकांत क्लेरिकच्या चौथ्या पातळीला 'व्हिकार' व सहाव्या पातळीला 'बिशप' अशी नावे दिली होती!

परंतु मौजेपलीकडे येथे एक महत्त्वाची गोष्ट आहे. आर्नसन यांनी १९७७ साली या मोहिमेचा जो वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यावरून असे दिसते की किल्ल्याच्या रक्षणाची जबाबदारी असलेले सज्जन भुयारांतील खजिन्याच्या मागे लागले, आणि दरम्यान ब्लॅकमूर शत्रूच्या हाती गेले. सज्जनांना हद्दपार होऊन दूरच्या प्रदेशात आश्रय घ्यावा लागला. सूत्रधाराने त्यांना वाचवले नाही. एका तुकडीच्या हलगर्जीपणाचे फळ दुसरीच्या विजयात आणि सर्वांच्या जगात दिसले. दोन तुकड्यांच्या मोहिमेचे नैतिक मर्म येथेच आहे : कृत्याला परिणाम असतो, आणि तो परिणाम कृत्य करणाऱ्याच्या हिशेबाबाहेरच्या माणसांवरही होतो. हा निकष मनात ठेवून पुढील गोष्टींकडे पाहू.

२. नऊ घरांचे नीतिशास्त्र

खेळातील प्रत्येक पात्राला एक 'अलाइनमेंट', म्हणजे नैतिक कल, नेमून दिलेला असतो. १९७४ साली तीनच कल होते : व्यवस्था, तटस्थता आणि अंदाधुंदी. पोल अँडरसन व मायकेल मूरकॉक या कादंबरीकारांच्या कल्पनेचा हा प्रभाव होता. त्या पुस्तिकांत असा नियम होता की धर्मगुरूने सातव्या पातळीपासून पुढे तटस्थ राहता कामा नये; व्यवस्था किंवा अंदाधुंदी यांपैकी एक बाजू त्याने घेतलीच पाहिजे. अधिकार वाढला की तटस्थतेची मुभा संपते, हे तत्त्व आपल्यालाही विचार करावयास लावणारे आहे. पुढे चांगले-वाईट हा दुसरा अक्ष त्यात आला आणि १९७८ च्या खेळाडूंच्या ग्रंथात नऊ घरांचा तक्ता पूर्ण झाला. एका टोकाला 'व्यवस्थापर व चांगला', तर दुसऱ्या टोकाला 'अंदाधुंद व वाईट'.

या तक्त्यावर ईश्वरविज्ञानाच्या दृष्टीने पहिला आक्षेप असा की त्यात दुष्टता हा चांगुलपणाच्या तोडीचा, स्वतंत्र अस्तित्व असलेला एक पक्ष ठरतो. दोन सैन्ये, दोन ध्वज, दोन सारख्याच भक्कम छावण्या. संत आगस्टीन सुमारे नऊ वर्षे मनीकी पंथाच्या प्रभावाखाली होते आणि त्यांना हेच आकर्षण होते : प्रकाश आणि अंधार ही दोन मूळ तत्त्वे मानली की आपल्या पापाचे ओझे दुसऱ्या तत्त्वावर टाकता येते. तेथून बाहेर पडल्यावर त्यांनी जो सिद्धान्त मांडला तो आपण सर्वजण शिकलो आहोत : दुष्टता हे स्वतंत्र द्रव्य नव्हे, ती चांगल्याची उणीव आहे. कीड लाकडावाचून राहू शकत नाही. लाकूड मात्र किडीवाचून राहू शकते.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. नैतिक कल हा वागणुकीवरून ठरण्याऐवजी वागणूकच त्या कलावरून ठरू लागते. 'माझे पात्र दुष्ट आहे, म्हणून त्याने गाव जाळले' असे खेळाडू म्हणतो, आणि 'माझे पात्र सज्जन आहे, म्हणून त्याने केलेली कत्तल न्याय्य आहे' असेही म्हणतो. गहू आणि निदण यांचा दाखला देताना प्रभूने कापणीपूर्वी निवड करण्यास मनाई केली, ती याच धोक्यामुळे. येथे तर पेरणीपूर्वीच प्रत्येक रोपाला चिठ्ठी बांधलेली असते. जाणते सूत्रधार या तक्त्याला फारसे महत्त्व देत नाहीत, हे त्यांच्या सूज्ञपणाचे लक्षण मानले पाहिजे.

३. विसाव्या पातळीनंतर

आता 'एपिक' या शब्दाकडे वळू. पातळी वाढत गेली की पात्र कोठवर जाणार, हा प्रश्न या खेळाला प्रथमपासून सतावत आला आहे. १९७६ साली देवता व वीरपुरुष यांच्यावर एक पुरवणी निघाली. तिचे संपादक टिम कास्क यांनी प्रस्तावनेत स्पष्ट केले की खिरापत वाटावी तशी शक्ती वाटणाऱ्या सूत्रधारांना आळा घालणे हा तिचा एक हेतू आहे. उत्तर युरोपातील ओडिन या देवाधिदेवाला 'हिट पॉइंट', म्हणजे आघात सोसण्याची शक्ती, ३०० इतकीच दिली होती. तेव्हा चव्वेचाळिसाव्या पातळीच्या मर्त्य सरदाराची बढाई हास्यास्पद ठरावी अशी त्यांची अपेक्षा होती. घडले उलटेच. देवाला आकडा मिळाला म्हणताच तो आकडा शून्यावर आणता येतो हे पुष्कळ खेळाडूंच्या ध्यानात आले, आणि देवतांची यादी ही शिकारीची यादी झाली.

१९८० साली याच विषयावरील मोठ्या ग्रंथात भारतीय देवतांचेही प्रकरण आले. इंद्र, अग्नी, विष्णू, काली यांना शस्त्रे, कवच आणि हिट पॉइंट यांचे आकडे देण्यात आले. ज्या देवतांची आजही कोट्यवधी लोक उपासना करतात त्यांना मृत ग्रीक दैवतांच्या रांगेत बसवून त्यांच्या वधाची सोय करणे हा अविचार होता. आपण हे अधिक आस्थेने म्हटले पाहिजे, कारण आपण हिंदू शेजाऱ्यांच्या सहवासात राहतो. त्या ग्रंथात ख्रिस्ताला असे स्थान दिलेले नव्हते. ते दिले असते तर आपल्याला जे दुःख झाले असते, त्यावरून शेजाऱ्याच्या भावनेचा अंदाज करावा.

तिसऱ्या आवृत्तीच्या काळात, २००२ साली, 'एपिक लेव्हल हँडबुक' हा स्वतंत्र ग्रंथ निघाला. विसाव्या पातळीपलीकडील पात्रांसाठी त्यात नियम आहेत. विसांच्या फाशावरील संख्येत पात्राच्या कौशल्याचे गुण मिळवून ठरावीक आकडा गाठावयाचा, ही मूळ पद्धत. या ग्रंथात धबधब्यातून उलटे पोहत वर जाण्यासाठी ८० आणि ढगावर तोल सांभाळून उभे राहण्यासाठी १२० आकडा सांगितला आहे. येथवर हे बालसुलभ कौतुक आहे; त्यावर रागावण्याचे कारण नाही. परंतु त्याच तक्त्यांत आणखी एक नोंद आहे. मुत्सद्देगिरीच्या कौशल्याने १५० आकडा गाठला असता, उघड वैर करणारा शत्रू आपल्यासाठी प्राण देण्यास सिद्ध असा कट्टर अनुयायी बनतो.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. हृदयपरिवर्तन हा आपल्या सेवेचा विषय आहे. वर्षानुवर्षे एखाद्या कुटुंबाकडे जावे, त्यांच्या आजारात व मरणात सोबत करावी, आणि तरीही देवाची कृपा व त्या माणसाचे स्वातंत्र्य या दोहोंपुढे हात जोडून उभे राहावे लागते, हे आपण जाणतो. एपिक पातळीवर हे स्वातंत्र्यच नाहीसे होते. पुरेसे सामर्थ्य असले की दुसऱ्याचे मन आपले होते. हे परिवर्तन नव्हे. ही दासता आहे, आणि ती सज्जन पात्राने केली म्हणून तिचे स्वरूप बदलत नाही.

हाच दोष २००३ च्या 'बुक ऑफ एक्झॉल्टेड डीड्स' या ग्रंथात आणखी स्पष्ट दिसतो. हा ग्रंथ सज्जनांसाठी म्हणून लिहिलेला. त्यात एक मंत्र आहे : दुष्टाचा आत्मा हिऱ्यात कोंडावयाचा, एक वर्षाने तो बाहेर येतो तो सज्जन होऊनच. त्याच ग्रंथात दारिद्र्याचे व्रत आहे. जो सर्व संपत्ती सोडील त्याला पातळीगणिक त्या त्यागाची भरपाई मिळते. चिलखत टाकले तर अंगीच तितके संरक्षण येते, शस्त्र साधे असले तरी घाव तितकाच बसतो. खेळातील समतोल राखण्यासाठी हे आवश्यक असेल. पण ज्या दारिद्र्याची भरपाई त्याच नाण्यात होते ते दारिद्र्य कसले? फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल ज्या रिक्त होण्याविषयी बोलतो, त्याचा अशा हिशेबाशी संबंध नाही. अरण्यातील परीक्षेत प्रभूपुढे जे तीन प्रस्ताव आले ते पाहिले तर ते तिन्ही 'एपिक' स्वरूपाचेच होते : निसर्गनियम वाकवणे, उंचावरून उडी घेऊन सुरक्षित राहणे, जगातील सर्व राज्ये मिळवणे. त्याने तिन्ही नाकारले. नाकारण्याला या ग्रंथांत गुण नाहीत, ही त्यांची खरी उणीव आहे.

न्याय्य दृष्टीने हेही सांगितले पाहिजे की रचनाकारांपैकी काहींना ही अडचण कळली होती. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत तीस पातळ्या ठरवून दिल्या. एकविसाव्या पातळीपासून प्रत्येक पात्राला एक अंतिम नियती निवडावी लागे, आणि ती पूर्ण झाली की त्या पात्राची कथा संपे. सामर्थ्य अमर्याद वाढविण्याऐवजी त्याला शेवट देणे, हा विचार कलेच्या आणि नीतीच्या दोन्ही दृष्टींनी श्रेष्ठ आहे.

४. दुर्जनाची भूमिका

दुर्जनाची भूमिका करणे हेच मुळात पाप आहे काय? अमेरिकेत १९८० च्या दशकात पुष्कळ ख्रिस्ती मंडळींनी या खेळावर सैतानपूजेचा आरोप केला. आपल्या मुलाच्या आत्महत्येने व्यथित झालेल्या एका मातेने १९८३ साली या खेळाविरुद्ध संघटना उभारली. १९८४ साली जॅक चिक यांची खेळाचा निषेध करणारी चित्रपुस्तिका निघाली. पुढे या आरोपांची छाननी झाली आणि त्यांना आधार सापडला नाही. प्रकाशकांनी मात्र १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'डेमन' आणि 'डेव्हिल' हे शब्द काढून त्यांच्या जागी बनावट नावे घातली. राक्षस होते तेथेच राहिले. पाटी तेवढी बदलली. टीकाकारांचे समाधान नावावर झाले याचा अर्थ असा की त्यांनी खेळाच्या आत डोकावून पाहिलेच नव्हते. त्या मातेच्या दुःखाचा आदर राखूनही हे म्हटले पाहिजे.

वस्तुतः दुष्टाची भूमिका भाविकांनी करावी ही ख्रिस्ती परंपरा आहे. मध्ययुगीन इंग्लंडातील यॉर्कसारख्या शहरांत कारागिरांचे संघ पवित्र शास्त्रातील प्रसंगांची नाटके रस्त्यांवर करीत, आणि त्यांत हेरोद व सैतान यांची सोंगेही असत. बव्हेरियातील ओबरआमरगाऊ गावचे लोक १६३४ पासून दुःखसहनाचे नाटक करीत आले आहेत. तेथे यहूदा इस्कर्योत कोणीतरी गावकरीच होतो. फादर थॉमस स्टीफन्स यांनी सासष्टीत रचलेल्या आणि १६१६ साली छापल्या गेलेल्या 'क्रिस्तपुराणा'तही ल्युसिफरच्या बंडाची कथा टाळलेली नाही.

सर्वांत बोलका दाखला संत इग्नाशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथातील आहे. त्यातील दोन ध्वजांच्या चिंतनात साधकाला प्रथम शत्रूच्याच छावणीत नेले जाते. बाबेलच्या मैदानात, अग्नी व धुराच्या आसनावर बसलेला सरदार आपल्या दूतांना काय शिकवण देतो ते साधकाने पाहावयाचे असते : आधी संपत्तीचा लोभ, मग मानसन्मान, मग गर्व. शत्रूची युक्ती ओळखण्याची कृपा साधक मागतो. म्हणजे दुष्टाच्या मनाची रीत आतून जाणणे हा विवेकाचा एक भाग आहे. मात्र इग्नाशियस साधकाला त्या छावणीत मुक्कामाला ठेवीत नाहीत. त्याच चिंतनात त्याला यरुशलेमच्या मैदानावर, नम्र जागी उभ्या असलेल्या प्रभूकडे आणले जाते.

यावरून निकष स्पष्ट होतो. दुर्जनांची तुकडी खेळावयाची ती कशासाठी? दुष्टतेची पायरी-पायरीने होणारी वाढ समजून घेण्यासाठी, की जे प्रत्यक्षात करता येत नाही त्याची कल्पनेत चंगळ करण्यासाठी? २००२ साली निघालेला माँटी कुक यांचा 'बुक ऑफ व्हाइल डार्कनेस' हा ग्रंथ, प्रौढांसाठी असा शिक्का घेऊन आला असला तरी, या कसोटीला पुरेसा उतरत नाही. त्यात छळाची साधने, व्यसने, शाप यांची रेलचेल आहे. पण मनुष्य तेथवर पोहोचतो कसा याचा विचार तुलनेने थोडा आहे. आगस्टीनने तारुण्यात केलेल्या पेअरच्या चोरीचे विवेचन या सर्व सामग्रीहून अधिक खोल जाते. भूक नव्हती, फळे चांगलीही नव्हती. एकटा असतो तर चोरी केली नसती, असे तो म्हणतो. सोबत होती म्हणून पाप झाले. दुर्जनांच्या 'तुकडी'चे सारे मानसशास्त्र त्या एका प्रसंगात आहे, आणि टेबलाभोवती बसलेल्या पाच मित्रांना ते सहज उमगू शकते. कारण एकमेकांच्या हसण्याने ते कसे वाहवत जातात याचा अनुभव ते त्याच क्षणी घेत असतात.

५. चेलियाक्सच्या दोन मोहिमा

सज्जन व दुर्जन तुकड्यांचा सर्वांत पद्धतशीर प्रयोग पायझो या प्रकाशनसंस्थेने आपल्या 'पाथफाइंडर' खेळासाठी केला. ऑगस्ट २०१५ ते जानेवारी २०१६ या काळात 'हेल्स रेबेल्स' आणि त्यामागोमाग फेब्रुवारी ते जुलै २०१६ मध्ये 'हेल्स व्हेंजन्स' अशा सहा-सहा भागांच्या दोन मोहिमा निघाल्या. दोहोंची भूमी एकच : चेलियाक्स हे साम्राज्य, जेथील थ्रून घराणे नरकाधिपती अॅस्मोडियसशी करार करून राज्य करते. पहिल्या मोहिमेत खेळाडू किंटार्गो शहरात जुलमी नगराधिपतीविरुद्ध बंड उभारतात. दुसरीत ते थ्रून घराण्याचे हस्तक होतात आणि नरकाची सत्ता उलथू पाहणाऱ्या धर्मयोद्ध्यांच्या चळवळीचा बीमोड करतात. दोन्ही कथा एकाच सुमारास घडतात आणि दोन्हींत पात्रे पहिल्या पातळीपासून अतिशय वरच्या पातळीपर्यंत चढतात.

या योजनेचे गुण मोठे आहेत. पहिल्या मोहिमेत बंड म्हणजे केवळ तलवार नव्हे. लपण्याच्या जागा, सहानुभूती असलेले दुकानदार, अफवा, भाकरी यांचाही हिशेब ठेवावा लागतो. सामर्थ्य संघटनेतून येते ही जाणीव येथे आहे. दुसऱ्या मोहिमेत दुष्टता ही अंदाधुंद राहत नाही. ती करार, हुकूम आणि निष्ठा यांच्या भाषेत बोलते. कायद्याचे पालन करीत मनुष्य किती नीच होऊ शकतो हे दाखविणे सोपे नाही, आणि येथे ते साधले आहे. धर्मयोद्धेही निर्जीव पुतळे नाहीत. त्यांच्या आवेशाची किंमत गोरगरिबांना मोजावी लागते.

परंतु मुख्य दोष रचनेतच आहे. या दोन तुकड्या एकमेकींना भेटत नाहीत. २०१९ मध्ये खेळाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा प्रकाशकांनी दोन्ही मोहिमांचा विजय खरा मानला : किंटार्गोच्या बाजूचा राव्हुनेल प्रांत स्वतंत्र झाला, आणि धर्मयोद्ध्यांचा उठावही चिरडला गेला. व्यापाराच्या दृष्टीने हे सोयीचे आहे. दोन्ही ग्राहक संतुष्ट होतात. पण ब्लॅकमूरमध्ये एका बाजूचा विजय हा दुसरीचा वनवास होता. येथे दुर्जनांच्या हातून मेलेल्यांचा जाब विचारण्यास कोणीच येत नाही, आणि सज्जनांना आपल्या विजयाच्या वेळी पलीकडे कोण मेले हे कळतही नाही. दोन ध्वज फडकतात. न्यायाचा दिवस मात्र कथेत उगवत नाही.

६. सूत्रधाराचे कर्तव्य

यावरून असे दिसते की अशा मोहिमेची नैतिक गुणवत्ता छापील ग्रंथावर थोडी आणि सूत्रधारावर अधिक अवलंबून असते. त्याच्यासाठी आणि त्याला सल्ला देणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी पुढील मुद्दे सुचवावेसे वाटतात.

पहिला, दोन्ही तुकड्यांचे जग एक असावे आणि दिनदर्शिकाही एक असावी. दुर्जनांनी जे गाव लुटले तेथे पुढच्या बैठकीत सज्जन पोहोचावेत, आणि त्यांना राख, विधवा व अनाथ भेटावेत. त्याच खेळाडूंनी दोन्ही तुकड्या आलटून पालटून खेळल्या तर अधिकच चांगले. कारण मग आपल्याच हाताने लावलेली आग आपल्यालाच विझवावी लागते. असे प्रायश्चित्त एखाद्या प्रवचनाहून अधिक परिणामकारक ठरू शकते.

दुसरा, दोन तुकड्यांखेरीज एक तिसरा पक्ष सतत दिसत राहावा : ज्यांची कोणतीच पातळी नाही असे सामान्य लोक. एपिक कथेत नगरे पत्त्यांच्या बंगल्यांसारखी कोसळतात आणि कोणाचेही नाव कळत नाही. सूत्रधाराने नाणावळी, नावाडी, सुईण यांना नावे द्यावीत. ज्याला नाव आहे त्याला मारताना खेळाडूचा हात थांबतो.

तिसरा, जे फाशाने मिळू नये ते फाशाने देऊ नये. विश्वास, क्षमा आणि परिवर्तन यांसाठी आकडा ठेवू नये. शत्रूचे मन वळणार असेल तर ते संवादातून, कालांतराने आणि त्याच्याच इच्छेने वळावे. वळणार नसेल तर खेळाडूंनी तो नकार सोसावा.

चौथा, भूमिका करणाऱ्यांचे रक्षण व्हावे. कोणती क्रौर्ये टेबलावर येणारच नाहीत हे आरंभीच ठरवून घेण्याचा, आणि प्रसंग असह्य झाल्यास केवळ एका पत्त्याला स्पर्श करून तो थांबविण्याचा प्रघात आता पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. हा पत्ता जॉन स्टाव्ह्रोपुलोस यांनी सुचविला. कारण न विचारता थांबावयाचे, हा त्यातील नियम दुर्बळाच्या बाजूचा आहे. म्हणून तो आपल्याला मोलाचा वाटला पाहिजे.

पाचवा, कथेला शेवट असावा. दुर्जनांच्या तुकडीलाही पश्चात्तापाची वाट शेवटच्या दिवसापर्यंत उघडी असावी; मात्र ती वाट सामर्थ्य खाली ठेवण्याच्या दाराने जावी. वधस्तंभावरील चोराला एकही पातळी उरली नव्हती, आणि तरी त्याला जे मिळाले ते कोणत्याही एपिक ग्रंथात नाही.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येऊ. मुलगा क्रूर सरदाराची भूमिका करतो, एवढ्यावरून त्याला दोषी ठरवू नये. त्याला घरी किंवा धर्मग्रामाच्या कार्यालयात बोलावून धाकदपटशा करणे तर सर्वथा टाळावे. तसे केल्याने तो खेळ सोडणार नाही, आपल्याशी बोलणे मात्र सोडील. त्याऐवजी त्याच्या सरदाराची कथा मनापासून ऐकावी आणि तीन गोष्टी विचाराव्यात. तुझ्या सरदाराने ज्यांना मारले त्यांची नावे तुला ठाऊक आहेत का? त्याला हे सारे कशासाठी हवे होते, आणि ते मिळाल्यावर त्याचे काय झाले? त्याने थांबावे असे तुला कधी वाटले का? जो तरुण या प्रश्नांची विचारपूर्वक उत्तरे देऊ शकतो, तो दुष्टतेविषयी आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकला असता त्याहून कदाचित अधिक शिकला आहे. जो केवळ हसून आकडे सांगतो, त्याला पाळकाची गरज आहे. परंतु खेळामुळे नव्हे. ती गरज खेळापूर्वीही होती, खेळाने ती उघडकीस आणली एवढेच. धर्मगुरूने व धर्मशिक्षकाने त्या तरुणाजवळ बसावयाचे आहे ते यासाठी.